टॅब दाबला, पुढे काय?

बेंगळुरूतल्या एखाद्या मोठ्या औषधाच्या दुकानात किंवा घरपोच किराणा पोचवणाऱ्या कंपनीच्या गोदामात पाच मिनिटं उभं राहिलं, की तो आवाज कानावर येतो. पिप्. पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र पाकिटावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर रोखलं जातं, लाल रेघ चमकते आणि शेजारच्या टॅबलेटवर तेरा आकडे उमटतात. बघणाऱ्याला वाटतं, स्कॅनर आणि अ‍ॅप यांच्यात काही खास संधान असणार. बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. टॅबलेटला जोडलं जाताना स्कॅनर आपली ओळख ‘मी कीबोर्ड आहे’ अशी करून देतो. पट्ट्या वाचून झाल्या की तो तेरा आकडे भराभर टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. समोर माणूस बसलाय की यंत्र, याचा टॅबलेटला पत्ताही नसतो.

युक्ती स्वस्तातली आहे. वेगळं सॉफ्टवेअर घालायला नको, स्कॅनर कोणत्या कंपनीचा हे विचारायला नको. अडचण एकच. आकडे टाइप झाले, पण कुठे? पडद्यावर चार चौकटी आहेत: बारकोड, नग, किंमत, शेरा. काम करणाऱ्याने मघाशी नगाचा आकडा दुरुस्त करायला त्या चौकटीवर बोट ठेवलं होतं आणि तो तसाच पुढच्या पाकिटाकडे वळला. पिप्. आता बारकोड नगाच्या चौकटीत जाऊन बसला. भारतात नोंदलेल्या मालाचा बारकोड ८९०ने सुरू होतो, त्यामुळे तापाच्या गोळ्यांच्या एका पाकिटाची संख्या झाली आठ लाख नव्वद हजार कोटींच्या घरात. अ‍ॅप शहाणं असेल तर कुरकुरतं. नसेल तर महिनाअखेरीला हिशेबनीस कुरकुरतो.

या क्षणी पडद्यावरची कोणती चौकट ऐकतेय, या गोष्टीला अ‍ॅप बनवणारे ‘फोकस’ म्हणतात. शब्द साधा, पण मोबाइलच्या जगात त्याच्याइतकं दुर्लक्षित प्रकरण शोधून सापडणार नाही. त्याचं कारण बोट. बोट जिथे पडतं तोच त्याचा पत्ता; ‘पाठवा’ या बटणावर बोट टेकलं की कोणाला दाबलंय हे वेगळं सांगावं लागत नाही. कीबोर्डवरच्या कळेला असा पत्ता नसतो. एंटर दाबला एवढंच कळतं. तो कोणासाठी होता हे अ‍ॅपने आधीच ठरवून ठेवलेलं असावं लागतं.

जुन्या वाड्यात पोस्टमन यायचा तेव्हाची तऱ्हा आठवावी. पत्र आधी ज्याच्या नावाचं त्याच्या खोलीवर जायचं. तिथे कोणी घेतलं नाही तर ते माडीवर मालकांकडे, आणि त्यांनीही हात झटकले तर पोस्टमन आपल्या पद्धतीने काय ते करणार. अँड्रॉइडमध्ये कळ दाबल्याची वर्दी जवळजवळ अशीच फिरते. आधी फोकस असलेल्या चौकटीकडे, तिने नाकारली तर वरच्या पडद्याकडे, आणि तिथेही कोणी वाली मिळाला नाही तर यंत्रणा स्वतः ठरवते: टॅब असेल तर पुढच्या चौकटीवर जा, बाणाची कळ असेल तर त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे सरक. या वाटेवर एखादा मालक असा बसलेला असतो, की आलेलं प्रत्येक पत्र ‘माझंच’ म्हणून ठेवून घेतो. मग टॅब पुढे सरकत नाही, मागेही येत नाही. वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, याला कीबोर्डचा सापळा म्हणतात आणि तो नसणं ही अगदी प्राथमिक पातळीची अट मानतात.

गंमत अशी, की अँड्रॉइड जन्मला तोच कीबोर्डसकट. ऑक्टोबर २००८मध्ये विक्रीला आलेला पहिला अँड्रॉइड फोन, जी-वन, याचा पडदा सरकवला की खालून खरा कीबोर्ड निघायचा आणि खालच्या बाजूला फिरवायची एक छोटी गोळी होती. पडद्यावर उमटणारा कीबोर्ड त्या फोनला सुरुवातीला नव्हताच. तो एप्रिल २००९मध्ये आवृत्ती १.५बरोबर आला. बोट आणि गोळी दोन्ही एकाच फोनवर नांदवायची, म्हणून अँड्रॉइडच्या कर्त्यांनी एक तोड काढली. बोटाने काम चालू असेल तोवर बटणांभोवतीची फोकसची चौकट गायब राहील; लिहिण्याच्या जागेतला कर्सर तेवढा टिकेल. कळ दाबली किंवा गोळी फिरवली, की चौकट पुन्हा उगवेल. हीच ती ‘टच मोड’ नावाची सोय. पुढे फोनवरच्या कळा गेल्या, गोळी गेली, सोय मात्र यंत्रणेत मागे राहिली. आज बेंगळुरूत कामाला लागणाऱ्या तरुण डेव्हलपरने फोकसची चौकट उगवताना कधी पाहिलेलीच नसते. दिवसभर तो बोटाने तपासतो, आणि बोटाने तपासताना ती दिसत नाही.

त्या चौकटीवाचून ज्यांचं चालत नाही, त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर पहिलं मोठं काम केलं ते पुण्यात वाढलेल्या एका माणसाने. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. पुण्याच्या नवरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून १९९४मध्ये डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. प्रबंधाचा विषय होता गणिताची सूत्रं कानाने वाचता येतील अशी बोलून दाखवणारी प्रणाली. १९९५मध्ये त्यांनी ‘इमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केलं. संगणकावरचं सगळं काम, टपाल वाचण्यापासून प्रोग्रॅम लिहिण्यापर्यंत, निव्वळ कीबोर्ड आणि आवाज यांच्यावर चालवणारं हे सॉफ्टवेअर. २००५मध्ये ते गूगलमध्ये गेले, आणि तिथल्या त्यांच्या गटाच्या कामातून २००९मध्ये ‘टॉकबॅक’ अँड्रॉइडवर आलं: पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारा सोबती.

सुरुवातीचं टॉकबॅक पूर्णपणे फोकसवर उभं होतं. बाणाच्या कळेने किंवा गोळीने चौकट सरकवायची, ती जिथे थांबेल तिथलं नाव ते उच्चारणार. त्यामुळे त्या काळात अंध वापरकर्त्यांना सल्ला मिळायचा, की फोन घ्याल तर कळा किंवा गोळी असलेलाच घ्या. पडद्यावर बोट फिरवत ऐकण्याची सोय २०११च्या शेवटी, आवृत्ती ४.०मध्ये आली. आयफोनचं उलट झालं. त्याला कळा कधीच नव्हत्या. बोलणारा ‘व्हॉइसओव्हर’ २००९मध्ये थेट बोटाच्या खुणांवरच आला. ब्लूटूथ कीबोर्डने टाइप करण्याची मुभा २०१०मध्ये मिळाली, पण सगळा फोन निव्वळ कीबोर्डवर हाकण्याची सोय मार्च २०२०मध्ये, आवृत्ती १३.४बरोबर. म्हणजे एका कंपनीने कीबोर्डकडून बोटाकडे प्रवास केला, दुसरीने बोटाकडून कीबोर्डकडे, आणि दोघींच्याही वाटेत सर्वसामान्य डेव्हलपर बोटापाशीच थांबला.

बेंगळुरूला कीबोर्ड की बोट हा विषय तसा घरचा. १९९९मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोअर सॉफ्टवेअरमधली मंडळी यांनी मिळून सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. तळहातावर मावणारा, खेड्यातल्या माणसाला परवडेल असा संगणक बनवायचा, आणि तो वापरायला लिहिता-वाचता येण्याची सक्ती नको, ही कल्पना. म्हणून कीबोर्डला फाटा दिला. पडद्यावर चित्रं, हातात टोकदार काडी, आणि मजकूर देशी भाषांत बोलून दाखवण्याची सोय. नमुना २००१मध्ये लोकांपुढे आला, २००४मध्ये ‘अमिडा’ या नावाने तो बाजारात उतरला. खप जेमतेम झाला आणि सिम्प्युटर इतिहासजमा झाला. आयफोन त्यानंतर तीन वर्षांनी आला हे सांगताना बेंगळुरूच्या जुन्या अभियंत्यांचा सूर आजही जरा हळवा होतो, आणि त्यात त्यांची चूक नाही.

कीबोर्डला रजा देणाऱ्या याच चमूतले स्वामी मनोहर पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात गेले आणि तिथे त्यांनी हात घातला तो ज्यांना कीबोर्डशिवाय गत्यंतर नाही अशांच्या प्रश्नाला. अंध प्रोग्रॅमरला हजार ओळींच्या कोडमध्ये आपण नेमके कुठे आहोत हे कसं कळावं? डोळसाला ओळींचा चढउतार एका नजरेत दिसतो. पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर एकेक ओळ वाचत जातो आणि तोवर मागचं विसरायला होतं. मनोहर आणि सहकाऱ्यांनी ‘कोडटॉक’ हे जोडसॉफ्टवेअर तयार केलं आणि त्याबद्दलचा शोधनिबंध २०१८मध्ये जागतिक परिषदेत मांडला. ठरावीक कळा दाबल्या की ते कोडचा सारांश सांगतं, आपण कोणत्या भागाच्या पोटात आहोत हे सांगतं, चूक झाली तर आवाजाने खबर देतं. कोडटॉक संगणकासाठी होतं, मोबाइलसाठी नव्हे. पण ‘मी आत्ता कुठे आहे’ हा प्रश्न तोच.

तो प्रश्न शाळेपासून सुरू होतो, हे याच शहरातली ‘व्हिजन एम्पॉवर’ संस्था जाणते. २०१७मध्ये ती सुरू करणाऱ्यांपैकी विद्या वाय. या स्वतः अंध आहेत आणि बेंगळुरूच्या ट्रिपल आयटीत शिकलेल्या आहेत. अंध मुलांना विज्ञान-गणित शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ही संस्था काम करते, आणि ‘हेक्सिस’ नावाचं परवडणाऱ्या किमतीचं ब्रेल वाचनयंत्रही तिने विकसित केलं आहे.

आता परत डेव्हलपरच्या टेबलाकडे. फ्लिपकार्ट, फोनपे, स्विगी, बिगबास्केट यांची मुख्यालयं याच शहरात. देशाच्या खिशातली किती अ‍ॅप्स आउटर रिंग रोडच्या आसपास लिहिली जातात, याचा अंदाज त्यावरून यावा. बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर अ‍ॅप का गडबडतं, याची कारणं मात्र कुठल्याही कंपनीत सारखीच निघतात.

पहिलं कारण ऐकून सामान्य माणूस चक्रावतो. पडद्यावरचा कीबोर्ड हा कीबोर्ड नसतोच. ते एक वेगळं अ‍ॅप असतं आणि ते सहसा कळा पाठवत नाही. तयार मजकूर थेट चौकटीच्या हाती देतं. त्यामुळे डेव्हलपरने ‘एंटर ही कळ दाबली तर शोध सुरू कर’ असं लिहिलं, तर खऱ्या कीबोर्डवर ते चालतं आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर चालेलच याचा भरवसा नाही. उलट ‘शोधा’ या पडद्यावरच्या निळ्या कळेचीच तेवढी व्यवस्था केली, तर बाहेरच्या कीबोर्डचा एंटर कोरडाच राहण्याची भीती. दोन्ही दारं स्वतंत्र आहेत आणि दोन्हींवर माणूस बसवावा लागतो.

दुसरी खोड अधिक छळणारी. अँड्रॉइडच्या हिशेबी कीबोर्ड जोडणं म्हणजे फोन आडवा करण्यासारखंच. यंत्राची रचना बदलली. आणि रचना बदलली की चालू पडदा मोडायचा व नव्याने उभारायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज. डेव्हलपरने अर्धवट माहिती नीट जपून ठेवली नसेल तर ती या मोडतोडीत जाते. आता ब्लूटूथ स्कॅनरचा स्वभाव बघा: काही मिनिटं हात लावला नाही की बॅटरी वाचवायला तो झोपतो, घोडा दाबला की जागा होऊन पुन्हा जोडला जातो. म्हणजे चहा पिऊन आलेला कामगार पहिलं पाकीट स्कॅन करतो आणि त्याने आधी भरलेली अर्धी यादी कोरी होते. गोदामात याला ‘टॅब हँग होतो’ म्हणतात. टॅबलेट हँग झालेला नसतो. त्याने नियम पाळलेला असतो.

त्याच स्कॅनरची आणखी एक करामत. खरा कीबोर्ड जोडलेला दिसला की पडद्यावरचा कीबोर्ड, आता आपली गरज नाही म्हणून, आपणहून बाजूला होतो. पण हा ‘खरा कीबोर्ड’ म्हणजे एक घोडा असलेलं पिस्तूल! शेऱ्यात ‘पाकीट फाटलेलं’ एवढं लिहायचं तर लिहायचं कशाने? सेटिंग्जमध्ये भौतिक कीबोर्डच्या पानावर पडद्यावरचा कीबोर्ड कायम दाखवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की काम होतं, फक्त तो तिथे आहे हे कोणीतरी सांगावं लागतं.

मग याद्या. लांबलचक यादी सरकवताना अ‍ॅप जुन्याच ओळी धुऊनपुसून नव्या मजकुरासाठी वापरतं. मेमरीची ही बचत चांगलीच. पण यादी ताजी झाली की फोकस ज्या ओळीवर होता ती ओळच पायाखालून निघून जाते आणि चौकट थेट वर, पहिल्या बटणावर उडी मारते. बोटाने वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. बाणाच्या कळेने सदतिसाव्या ओळीपर्यंत उतरलेल्या माणसाला मात्र सदतीस वेळा पुन्हा खाली यावं लागतं. खात्री करून घेणाऱ्या छोट्या चौकटींचंही तेच: ‘पैसे पाठवायचे का?’ अशी पाटी वर येते, फोकस मागच्या पानावरच राहतो, आणि एंटर भलत्यालाच लागतो.

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. इनस्क्रिप्ट मांडणीत खऱ्या कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला येतात. ‘मराठी’ लिहायचं तर इंग्रजी कळांच्या भाषेत सी, जे, ई, शिफ्टसकट अवतरणचिन्हाची कळ आणि आर. ‘प्र’साठी एच, डी, जे: आधी प, मग हलन्त, मग र. इथे अ‍ॅपने कळ आणि अक्षर यांत गल्लत केली की फजिती होते. ‘के’ या कळेवर इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ असतो. एखाद्या डेव्हलपरने शॉर्टकट लिहिताना कळेच्या क्रमांकाऐवजी उमटलेलं अक्षर तपासलं, तर मांडणी मराठी असताना त्याला ‘के’ कधी भेटतच नाही. आणि प्रत्येक कळेनंतर चौकटीतला मजकूर पुसून पुन्हा लिहिणारी अ‍ॅप्स, उदाहरणार्थ आकड्यांचे चार-चारचे गट पाडणारी, कर्सर नीट जागेवर ठेवायला विसरली तर तो उडून सुरुवातीला जातो. जोडाक्षराचा र मग ओळीच्या डोक्यावर जाऊन बसतो.

उपाय अवघड नाहीत, म्हणून तर चिडायला होतं. अँड्रॉइडमध्ये कोणत्या चौकटीनंतर कोणती, हे एकेका ओळीत सांगता येतं. फ्लटर आणि जेटपॅक कंपोज या आजच्या लोकप्रिय साधनांत फोकसचे गट बांधण्याची, तो हवा तिथे मागवण्याची सोय आधीपासून दिलेली आहे. स्कॅनरच्या पडद्यावर तर एवढंच करायचं: एंटर आला की फोकस परत बारकोडच्या चौकटीत आणायचा, आणि नगाच्या चौकटीला तीनपेक्षा जास्त आकडे घेऊ द्यायचे नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम. ते होत नाही, कारण तपासणाऱ्याच्या टेबलावर सहा प्रकारचे फोन असतात आणि कीबोर्ड एकही नसतो.

कायदा याबाबतीत डेव्हलपरच्या पुढे गेलेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. डिजिटल वस्तू आणि सेवांच्या सुलभतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानक २०२१-२२मध्ये दोन भागांत आलं आणि २०२३मध्ये ते या कायद्याच्या नियमांत जोडलं गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, प्रक्रियेसाठी वीस निर्देश दिले. प्रसून यांच्या प्रकरणात अडलं होतं ते कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्यावर. कीबोर्डचा सापळा हा त्याच कुळातला अडथळा आहे: एकच शारीरिक कृती प्रत्येकाला जमते असं गृहीत धरून बांधलेलं दार.

वाचकाला हे स्वतः तपासता येईल. घरात संगणकाचा जुना कीबोर्ड असेल तर बाजारात ओटीजी नावाने मिळणाऱ्या छोट्या जोडणीने तो बहुतेक अँड्रॉइड फोनना लागतो. आयफोन असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडा आणि सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर पूर्ण कीबोर्ड वापराची सोय चालू करा. मग नेहमीचं एखादं अ‍ॅप उघडा, वीजबिलाचं किंवा रेल्वे तिकिटाचं, आणि पडद्याला बोट न लावता टॅब, बाण व एंटर एवढ्यावर एक काम शेवटापर्यंत नेऊन बघा. फोकसची चौकट दिसते का, क्रमाने सरकते का, कुठे अडकते, एवढंच पाहायचं. प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर डेव्हलपरचा ईमेल पत्ता दिलेला असतो. कोणत्या पानावर, कितव्या टॅबनंतर चौकट हरवली, हे दोन ओळींत लिहून त्या पत्त्यावर पाठवा.